दोरा कोणत्या टोकाला

दोरामावशी, जन्म १९५३, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात नोकरी १९७६ ते २०१३, त्यापूर्वी त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सुट्या झालेल्या पुस्तकांची शिवण. एवढा तपशील आरंभीच दिलेला बरा, कारण कोणतीही गोष्ट अध्येमध्ये कुठून तरी सुरू केलेली मावशींना खपत नसे. कुणी धापा टाकत येऊन "मावशी, घोटाळा झाला" असे म्हणाला, तर त्या हातातले काम खाली ठेवून विचारीत, "कुणाचा, कुठे, कधी? मग काय ते सांग."

ग्रंथालयातून त्या शरीररचना विभागात आल्या त्या दोऱ्यामुळेच. देहदानातून आलेल्या शरीरांचे विच्छेदन करताना मज्जातंतूंना खुणेचे दोरे बांधावे लागतात. विद्यार्थी ते बांधीत, पण त्यांची गाठ एक तर सुटे, नाहीतर तंतूला इतकी रुते की तो तुटून हातात येई. विभागातील एका प्राध्यापकांनी ग्रंथालयातील मुलीची शिवण पाहिली आणि तिला मागूनच घेतले. मेण लावलेल्या दोऱ्याची तिची गाठ सुटत नसे आणि रुतत नसे. पुढे ती मुलगी मावशी झाली, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तिच्या नावामागे दोरा लावून दिला.

विभागाची एक रीत होती. मज्जातंतूचा तुकडा कापून वेगळा करण्यापूर्वी त्याच्या वरच्या, म्हणजे मेंदूकडच्या टोकाला पांढरा दोरा बांधायचा. आखूड तुकडा एकदा शरीरातून निघाला की तो ओल्या सुतळीसारखा दिसतो. त्याचे कोणते टोक खांद्याकडचे आणि कोणते बोटांकडचे, हे नुसते पाहून सांगण्याची कुणाची छाती नाही. दोरा आहे ते टोक वरचे, हा नियम मावशींनी इतक्या जणांना शिकवला होता की तो कुठेतरी लिहून लावावा असे कुणाला वाटलेच नाही. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो याची पाटी कुणी लावत नाही.

मावशींच्या घरात माणसे दोन: त्या आणि त्यांचा भाचा. बहीण वारली तेव्हा भाचा नीट बोलायलाही लागला नव्हता. मावशींनी त्याला उचलून घरी आणले, स्वतःच्या लग्नाचा विषय आपल्या हाताने मिटवला आणि त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. भाच्याचे मन पुस्तकांत रमले नाही. तो खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर झाला, आणि चांगला झाला. डाव्या हाताच्या पंजावर मोठी काच पेलून तो शिडी अशी चढे, की खालून पाहणाऱ्याचा श्वास अडकावा आणि वर गेलेल्याने शीळ घालावी. मावशींचा स्वभाव मोजून मापून बोलण्याचा आणि याच्या जिभेला हाड नाही. तरी दोघांचे चांगले जुळे.

मावशींच्या निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती. एका कार्यालयाच्या जिन्यातली जुनी काच काढताना ती चौकटीतच फुटली आणि तिचा सुळका भाच्याच्या डाव्या हातात, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, आतल्या अंगाने शिरला. जवळच्या दवाखान्यात जखम शिवली गेली आणि ती भरलीही. परंतु करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांतली जाणीव गेली ती गेलीच. बोटे हळूहळू आत वळू लागली, पंजातली पकड ढिली झाली. काच पेलणारा हात आता चहाचा पेलाही भरवशाने धरीना.

मावशींनी त्याला आपल्या महाविद्यालयातील सर्जनबाईंकडे नेले. या बाई हातावरील शस्त्रक्रियांच्या तज्ज्ञ; एके काळी मावशींच्याच टेबलाशी उभ्या राहून त्या गाठ मारायला शिकल्या होत्या आणि "ही गाठ नव्हे, गुंता आहे" हे शब्द त्यांनी ऐकले होते. त्यांनी हात तपासला आणि स्थिती समजावून सांगितली. नस, म्हणजे मज्जातंतू, तुटून तिची टोके मागे सरकली आहेत, मधला भाग चेंगरून निकामी झाला आहे. ते अंतर भरून काढायचे तर पोटरीच्या मागून जाणारी एक नस काढून मध्ये जोडावी लागेल. हाताला त्याचा उपयोग होण्याची आशा चांगली आहे. किंमत एवढीच की पावलाची बाहेरची कड जन्मभर बधिर राहील.

भाचा काही बोलण्यापूर्वीच मावशी बोलल्या. ज्याचे पोट शिडीवर, त्याच्या पावलाला पायरी कळली नाही तर कसे चालेल, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांना पर्याय ठाऊक होता. सर्जनबाई त्या काळात एका नळीवर काम करीत होत्या. तुटलेल्या मज्जातंतूची दोन टोके त्या बारीक नळीत बसवायची, म्हणजे वरच्या टोकातले तंतू आतून वाढत जाऊन खालच्या टोकाला भेटतील आणि शरीरातली दुसरी नस काढावी लागणार नाही, अशी ती कल्पना. बाईंनी स्पष्ट सांगितले की नळी अजून जनावरातही बसवलेली नाही. थांबायचे तर काही महिने थांबता येईल. त्याहून अधिक नाही, कारण नसेविना हाताचे स्नायू उपाशी राहतात आणि वाळून जातात. यांपैकी 'थांबता येईल' एवढेच मावशींनी गाठीला बांधले.

"नळी आधी मेंढीला लावणार ना?" बाहेर पडताना भाचा म्हणाला. "मग तिला विचारून ठेव मावशी, काच पेलायला येते का."

मेंढी हा या कथेतला कळीचा प्राणी असल्यामुळे तिच्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. माणसावर नवा उपाय करण्यापूर्वी तो जनावरावर करून पाहावा लागतो. पण जनावर कोणते? उंदराची नस इतकी बारीक आणि आखूड, की तिच्यात जे साधते ते माणसाच्या हातभर लांबीत साधेलच असे नाही. शिवाय मज्जातंतू हा एक अखंड दोर नसतो. आडवा कापून रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात तंतूंच्या लहानमोठ्या जुड्या दिसतात. माणसाच्या हातात वरच्या बाजूला या जुड्या थोड्या आणि एकमेकींत मिसळलेल्या असतात. खाली बोटांकडे येता येता त्या फुटून वेगळ्या होतात, बाजारातून एकत्र निघालेली माणसे आपापल्या गल्लीत वळावीत तशा. ज्या जनावरात जाडी, जुड्या आणि त्यांचे फुटणे माणसाशी जुळेल, त्याच जनावरात नळी तपासण्यात अर्थ. सर्जनबाईंची नजर मेंढीच्या पुढच्या पायावर होती. मेंढीचे नमुने पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बरण्यांत येत. माणसाचे नमुने विभागात होतेच. मावशींचे काम प्रत्येक तुकड्याचे दोरा असलेल्या टोकापासून क्रमाने काप करणे, ते काचपट्ट्यांवर चढवणे आणि माणूस व मेंढी यांच्या रांगा टेबलावर समोरासमोर मांडणे.

हे काम त्या रोज आपल्या हाताने करीत आणि रोज मनाशी म्हणत, जुळू दे. घरी भाचा डाव्या हाताला पट्टी बांधून दुसऱ्यांच्या दुकानात काचा पुसण्याचे काम करी. मित्रांनी चेष्टा केली तर "सध्या आमचा खटला मेंढीकडे आहे" असे उत्तर देई. पण मावशींना त्याच्या पंजावरच्या खळग्या दिसत होत्या. अंगठ्याजवळचे मांस उतरू लागले होते.

आणि जुळेना. माणसाच्या रांगेत जुड्या खाली जाताना वाढत होत्या. मेंढीच्या रांगेत त्या कमी होत होत्या. एका तुकड्यात नव्हे, सगळ्यांत. सर्जनबाईंनी पट्ट्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि शेवटी चष्मा काढून ठेवला. मेंढीची रचनाच उलटी दिसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आता दुसरे जनावर शोधायचे म्हणजे सारे पहिल्यापासून. मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "मावशी, भाच्याला घेऊन या. आता थांबण्यात शहाणपण नाही."

"पाहते," मावशी म्हणाल्या. हो म्हणणे त्यांच्या जिवावर आले होते. थांबायला त्यांनीच लावले होते.

मावशींना सुचले ते एवढेच, की काम संपले तर उसनी आणलेली वस्तू परत गेली पाहिजे. पशुवैद्यकीयच्या बरण्या त्यांनी घासून, उन्हात वाळवून, मध्ये कागद घालून पिशवीत भरल्या आणि शिपायावर न सोपवता स्वतः घेऊन निघाल्या. पशुवैद्यकीय महाविद्यालय गावाबाहेर होते: बसकी कौलारू इमारत, मागे कुरण, कुरणात काही मेंढ्या. आजवर त्यांनी मेंढीचे काप हजारांनी पाहिले होते, उभी मेंढी मात्र इतक्या जवळून पहिल्यानेच पाहत होत्या. त्यांतली एक येऊन त्यांच्या पिशवीचा वास घेऊन गेली.

विच्छेदनाच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ उंच स्टुलावर बसून बकरीच्या पायावर काम करीत होते. हेच नमुने पाठवणारे खुरतात्या. फोनवर त्यांचा आवाज मावशींच्या ओळखीचा होता; चेहरा प्रथमच दिसला. तात्यांनी मान न उचलता बसायला सांगितले आणि पुढे म्हणाले की बरण्या परत आणून देणारी तुम्ही पहिलीच. तुमच्या बाजूला गेलेली वस्तू म्हणजे सासरी गेलेली मुलगी, असे आम्ही धरून चालतो.

मावशी बसल्या आणि सवयीने त्यांची नजर तात्यांच्या हातांवर गेली. हात चांगला होता. कातडी सोडवून त्यांनी खुराच्या जरा वर पांढरी नस उघडी केली, दोरा ओवला, गाठ मारली, मग तिचा माग काढत वर वर गेले आणि गुडघ्याजवळ तुकडा कापून घेतला. दोरा खुराकडच्या टोकाला लोंबत राहिला.

मावशी उठून उभ्या राहिल्या.

"तात्या, दोरा तुम्ही खाली बांधता?"

"मग काय वर बांधू?" तात्यांनी प्रथमच मान उचलली. "जनावर लंगडायला लागलं की तपास खुरापासून. खालून वर चढायचं. नस कातडीलगत सापडते ती खालीच. माझ्या गुरूंनी असंच बांधलं, त्यांच्या गुरूंनीही."

"नेहमी?"

"बाई, या खोलीत दोरा म्हणजे जमीन. का, तुमच्याकडे काय असतो?"

मावशींनी खुराकडे लोंबणाऱ्या दोऱ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "आभाळ."

तात्या त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि प्रकार ध्यानात येताच स्टुलावर बसल्या बसल्या हलू लागले. ते हसत होते. इतके महिने त्यांच्या मेंढ्या तिकडे डोक्यावर उभ्या होत्या. मावशींना हसू आले नाही. प्रत्येक बरणी आपण आपल्या हाताने उघडली, दोरा पाहिला, आणि विचारले नाही. सबंध आयुष्य दुसऱ्यांना "कुणाचा, कुठे" असे विचारत काढले आणि नेमके इथे गृहीत धरले. त्या तसे बोलून गेल्या तेव्हा तात्यांचे हसू ओसरले. ते म्हणाले की चूक निम्मी त्यांची. बरणीवर जनावर, पाय, तारीख, सगळे लिहिले आणि हे एवढेच लिहिले नाही. मग त्यांनी हात धुतले, चहा मागवला आणि विचारले की एका दोऱ्यापायी बाईंचा चेहरा एवढा का उतरावा.

मावशींनी सगळे सांगितले, अर्थातच पहिल्यापासून. तात्यांनी ऐकून घेतले. नळी चांगली निघेल, असे ते म्हणाले, मेंढीही जुळेल; पण कुरणातल्या त्या मेंढ्यांना नळी बसवायची, मग नस आतून वाढायची वाट पाहायची, मग त्यांची चाल पाहायची, यात वर्षांमागून वर्षे जातात. नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकते. मेंढीला घाई शिकवता येत नाही.

"आणि पोराचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारले. "हात हवा की पाय?"

मावशींनी कप खाली ठेवला. हे त्यांनी भाच्याला विचारलेच नव्हते.

मावशी रिकाम्या हाताने परतल्या नाहीत. तात्यांनी आणलेल्या बरण्यांतल्या दोन बरण्यांत नवे नमुने भरले आणि मावशींनी स्वतः प्रत्येक तुकड्याच्या मेंदूकडच्या टोकाला पांढरा आणि खुराकडच्या टोकाला काळा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंच्या खोलीत त्यांनी उभ्यानेच हकिकत सांगितली. बाईंनी ती ऐकून टेबलावरची मेंढीची रांग उचलली आणि उलट क्रमाने मांडली. जुड्या खाली जाताना फुटू लागल्या. माणसाइतक्या नव्हेत, पण त्याच दिशेने आणि त्याच रीतीने. नव्या नमुन्यांचे काप तयार झाले तेव्हा त्यांनीही हेच सांगितले. सर्जनबाई आनंदाने म्हणाल्या की पुस्तक कोणत्या टोकाने उघडायचे ते आपण आधी पाहतो, इथे पाहिले नाही. यात मावशींइतक्याच आपणही आंधळ्या. मेंढी पुन्हा आत आली होती.

त्या संध्याकाळी मावशी घरी आल्या तेव्हा भाचा खिडकीशी बसून डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने सरळ करीत होता. त्यांनी त्याला सांगितले की मेंढी जुळली. तो टाळी द्यायला उठला. मग त्यांनी सांगितले की नळी त्याच्यासाठी वेळेवर येणार नाही. हे आपल्याला आधीही कळायला हवे होते, आणि थांबण्याचा हट्ट आपला होता.

"तुझा पाय वाचवायचा म्हणून मी हात पणाला लावला," त्या म्हणाल्या. "आणि तुला विचारलंसुद्धा नाही. आता विचारते. तुला काय हवं?"

भाच्याने चेष्टा केली नाही, हे त्या घरात क्वचित घडणारे होते. "हात," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. पायाचं बघून चालेन. हाताचं बघून धरता येत नाही, मावशी. काच डोळ्यांना दिसत नाही, हातालाच दिसते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना." मग त्याला राहवले नाही. "आणि तू एकदा वरच्या टोकाला दोरा बांधलास, की तो सोडायची कुणाची हिंमत आहे?"

शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. पोटरीची नस हातात बसली. नंतर पुष्कळ दिवस काहीच झाले नाही, आणि हे काहीच न होणे बाईंच्या मते ठीकच होते. नस वाढत आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत असते: हातावर बोटाने वरून खाली टिचक्या मारत यायचे, जिथवर तंतू पोचले असतील तिथे टिचकी मारली की करंगळीत मुंग्या येतात. सुरुवातीला ती जागा जखमेच्या खुणेपाशीच होती. मावशींनी तिथे हाताभोवती पांढरा दोरा सैल बांधला. पुढच्या खेपेला जागा बोटभर खाली सरकली. मावशींनी दोरा सोडला आणि खाली बांधला. भाचा म्हणू लागला की या घरात आता देवदर्शनासारखे दोरादर्शन चालते. पण टिचकीच्या वेळी तोच आधी बाही वर करून बसे.

दोरा मनगटापाशी आला आणि तिथे बरेच दिवस अडला. मावशींचे जेवणावरून मन उडाले. सर्जनबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, वाट पाहा, आणि हे शब्द मावशींना आता विंचवासारखे डसत. मग एका सकाळी भाच्याने स्वयंपाकघरातून हाक मारली. मावशी गेल्या तर तो नळाखाली डावा हात धरून उभा होता.

"पाणी गार आहे," तो म्हणाला.

"मग?"

"करंगळीला गार आहे."

मावशींनी नळ बंद केला, पाणी वाया जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मग पुन्हा उघडला आणि त्याच्या हाताशेजारी आपला हात धरला.

उरलेल्या बाबी क्रमाने सांगितल्या पाहिजेत. भाच्याचा हात पूर्ववत झाला नाही. करंगळी थोडी वाकडीच राहिली आणि थंडीत पकड सैल पडते. पण तो काच पेलतो आणि शिडी चढतो. पावलाची बाहेरची कड बधिर आहे ती आहेच. म्हणून पायरीवर पाय ठेवताना तो एकदा खाली पाहतो, आणि शीळ घालायची ती त्यानंतर. मेंढी आणि माणूस यांच्या तुलनेचे काम पूर्ण होऊन छापले गेले. त्यात मावशींचे आणि तात्यांचे नाव आहे, आणि दोऱ्याच्या घोटाळ्याचा उल्लेखही आहे; तो असावा असा आग्रह मावशींचा, दुसऱ्या कुणी पुन्हा मेंढ्या डोक्यावर उभ्या करू नयेत म्हणून. दोन्ही महाविद्यालयांत आता दोन दोरे बांधतात, पांढरा वर आणि काळा खाली, आणि बरणीवर तसे लिहितात. नळी बसवलेल्या पहिल्या मेंढ्या तात्यांच्या कुरणात चरतात. त्यांतल्या बऱ्याच जणी आता लंगडत नाहीत. माणसात ती नळी अजून बसलेली नाही. सर्जनबाई म्हणतात बसेल, आणि त्या उगाच म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत.

देणे एकच राहिले आहे. त्या दिवशी परत आणलेल्या दोन बरण्या मावशींच्या विभागातच राहिल्या, निवृत्तीच्या वेळी फडताळ आवरतानाही त्या निघाल्या नाहीत, आणि खुरतात्या भेटले की अजून त्यांची आठवण करून देतात. मावशी दर वेळी सांगतात की शोधते.